एका सुरातली सिद्धता

आमच्या शाळेत गणित लिहून देत नाहीत, सांगून देतात. वेनियामिन कार्लोविच प्रश्नांचं एक पान वाटतात आणि मग ज्याला जो प्रश्न सुटेल तो त्यांच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसतो आणि सांगू लागतो. ते ऐकतात, मध्येच ‘का?’ विचारतात. उत्तर आलं तर नावासमोर प्लस. नाही आलं तर पोरगं उठतं, कॉरिडॉरमधल्या खिडकीच्या कट्ट्यावर बसून डोकं खाजवतं आणि पुन्हा रांगेत येऊन उभं राहतं. बाहेरगावच्या साध्या शाळांमधून आलेली मुलं सुरुवातीला याला फार बिचकतात. नंतर त्यांना दुसऱ्या कशात गोडी वाटत नाही.

ताइसिया शुबिना, आमची ताया, माझ्या वर्गातली. मी साहित्य शिकवते आणि त्या वर्षी नववीचा एक वर्ग माझ्याकडे होता. ओब नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका खेड्यातून ती आली होती, तिचे वडील तिथल्या चर्चमध्ये दियाकोन, म्हणजे पाद्र्याचे मदतनीस. उन्हाळी शिबिरातली परीक्षा लेखी होती, तिच्यात ताया फार वरच्या नंबरानं आली, आणि सप्टेंबरात वसतिगृहात राहायला आल्यावर आम्हाला कळलं की तिला बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण पहिला शब्दच बाहेर पडत नाही. ओठ मिटायचे, मान जरा वर जायची, डोळे बारीक व्हायचे, आणि समोरच्याला वाटायचं की आपणच काहीतरी अपराध केला.

मुलं वाईट नव्हती. राद्मीर नावाचा एक चक्रम होता, तो म्हणायचा, “ताया, तू सुरुवात कर, मी तोवर जेवून येतो.” ती त्याला कोपरानं ढोसायची आणि हसायची. हसताना तिला काही अडत नसे.

पण वेनियामिन कार्लोविचांसमोर हसून भागत नव्हतं. ती सिद्धता लिहून आणायची आणि कागद टेबलावरून त्यांच्याकडे सरकवायची. ते कागद पालथा करून ठेवायचे आणि म्हणायचे, “सांग.” ती प्रयत्न करायची. ते बराच वेळ बसून राहायचे, मग रांगेतल्या पुढच्याला बोलवायचे. पालथ्या कागदावर बरोबर उत्तर आहे हे त्यांना माहीत असायचं, तिला माहीत असायचं, आणि रांगेतल्या सगळ्यांनाही.

मी एकदा जेवणघरात त्यांच्यासमोर ताट घेऊन बसले आणि विषय काढला. ते कुट्टूची लापशी मन लावून खात होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की ते तिला शिक्षा करत नाहीत. बरोबर उत्तरं त्यांनी आयुष्यभर पाहिली आहेत. त्यांना बघायचं असतं ते हे की कुणी ढकललं तर मूल आपल्या उत्तरापाशी उभं राहतं की पळतं. कागदाला ढकलता येत नाही. मी म्हटलं, तिचं हे लहानपणापासून आहे, डॉक्टर झाले, सगळं झालं. ते म्हणाले, म्हणूनच तर. पोस्टानं चालणारा विभाग आहे, तिनं गावात राहावं, प्रश्न घरी जातील, ती लिहून पाठवेल, तिला कुणी छळणार नाही. आणि मग चमचा खाली ठेवून त्यांनी मलाच विचारलं, “अग्निया पाव्लोव्ना, ती इथे राहावी असं तुम्हाला वाटतं, की तिला वाटतं?”

संध्याकाळी मी तिला विचारलं. ती खिडकीपाशी मोजे वाळत घालत होती. ‘इथे’ एवढा एकच शब्द तिनं सांगितला, आणि तो सांगताना तिच्या कपाळावर घाम आला.

नव्या वर्षाच्या आधी शिक्षकांची सभा झाली, तिच्यात हा विषय निघालाच. मुख्याध्यापिका रोझा मार्कोव्ना कंटाळून म्हणाल्या की कुणीतरी नीट सांगा, काय झालं म्हणजे ती राहील आणि काय नाही झालं म्हणजे जाईल. वेनियामिन कार्लोविच उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती, पण ते तसेच आहेत. म्हणाले, “ती एकदा फळ्यासमोर उभी राहील, एक सिद्धता तोंडानं पुरी सांगेल, आणि कुणी विचारलेल्या प्रश्नाला तोंडानं उत्तर देईल. एकदाच. मग मी हा विषय पुन्हा काढणार नाही.” जानेवारी संपता संपता पुन्हा सभा घेऊन निकाल लावायचा असं ठरलं. मी तायाला ते जसंच्या तसं सांगितलं. तिनं मान डोलावली. सुट्टी संपून ती गावाहून परत आली, बर्फ गुडघ्यापर्यंत चढला, आणि ती एकदाही फळ्यासमोर गेली नाही.

शहरातल्या एका लिसेशी, म्हणजे निवडक मुलांच्या शाळेशी, आमची गणिताची लढत दरवर्षी होते. ती सभेच्या आदल्या शनिवारी आली.

लढतीत प्रश्न दोन्ही संघांना सारखेच मिळतात. बंद खोलीत बसून ते सोडवायचे आणि मग सभागृहात समोरासमोर यायचं. एक संघ दुसऱ्याला एखाद्या प्रश्नाचं आव्हान देतो. ज्यांना आव्हान दिलं त्यांचा एक जण फळ्याशी जाऊन सांगतो, आव्हान देणाऱ्यांचा एक जण समोर उभा राहून त्यात खोट काढतो, आणि विद्यापीठातून आलेले पंच गुण वाटतात. एका मुलानं एका लढतीत दोनदाच फळ्याशी जायचं, मग तो सांगायला जावो की खोट काढायला.

आमचा कप्तान रोदियोन वेत्रोव. हुशार, उतावळा, आणि स्वतःवर फार खूश. त्यानं तायाला संघात घेतलं होतं ते बंद खोलीसाठी. तिथे ती गप्प बसून निम्मे प्रश्न सोडवायची आणि बाकीची मुलं तिची उत्तरं पाठ करून फळ्याशी जायची. तिला स्वतःला उठावं लागू नये असा हिशेब रोदियोननं आधीच करून ठेवला होता. मला त्यानं तो बोटांवर मोजूनही दाखवला.

लढत चांगली चालली होती. मग रोदियोनला सुरसुरी आली. भूमितीचा एक प्रश्न आमच्या कुणालाच सुटला नव्हता. लिसेवाल्यांनाही सुटला नसेल असं धरून त्यानं त्याचंच आव्हान दिलं, म्हणजे ते फळ्याशी येऊन फसतील. त्यांची कप्तान एल्विरा गराएवा, बारीक अंगाची, वेणी घट्ट बांधलेली मुलगी. तिनं रोदियोनच्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पंचांना सांगितलं की आमचा संघ आव्हान घेत नाही; ज्यांनी दिलं त्यांनीच उत्तर दाखवावं. तसा नियम आहे. तो सगळ्यांना ठाऊक असतो आणि सुरसुरी आल्यावर नेमका तोच आठवत नाही.

रोदियोनला स्वतःच जावं लागलं. त्यानं वर्तुळ काढलं, त्यात त्रिकोण काढला, त्रिकोणात आणखी एक वर्तुळ काढलं.

“वर्तुळं छान आली,” एल्विरा म्हणाली. “गणित कधी सुरू होणार?”

सभागृह हसलं. रोदियोनही हसला, पण कान लाल झाले होते. गुण गेले ते गेलेच, आणि त्याचं दुसऱ्यांदा फळ्याशी जाणंही त्यातच खर्ची पडलं. हे त्याच्या लक्षात आलं ते शेवटच्या प्रश्नाला. लिसेवाल्यांनी आम्हाला त्याचं आव्हान दिलं, आणि रोदियोन संघाकडे वळून बोटं मोजू लागला. पुन्हा मोजू लागला. सगळ्यांचे दोन दोन झाले होते. उरली होती ती ताया.

मी त्यांच्या मागच्याच बाकावर होते. रोदियोन तिच्याजवळ वाकून म्हणाला, “माझं चुकलं. मी मोजायला चुकलो. आपण नाही म्हणू. गुण त्यांना जाऊ देत, हरलो तर हरलो.” ते तो मनापासून म्हणाला. त्याला शाळेतल्या सभेचं काही माहीत नव्हतं.

तायानं मागे पाहिलं. शेवटच्या रांगेत वेनियामिन कार्लोविच बसले होते, मांडीवर फरची टोपी. ती त्यांच्याकडे पाहत होती की दाराकडे, मला सांगता येत नाही. मग ती उठली.

प्रश्न ऐकायला सोपा होता. एका स्पर्धेत प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकाशी बुद्धिबळाचा एकेकच डाव खेळतो. बरोबरी होत नाही. ज्यानं बाकीच्या प्रत्येकाला एक तर स्वतः हरवलं आहे, नाही तर त्याला हरवणाऱ्या कुणाला तरी हरवलं आहे, त्याला मातब्बर म्हणायचं. स्पर्धेत कुणीच अजिंक्य राहिला नाही. तर मातब्बर किमान तीन तरी असतात हे दाखवा.

ताया फळ्याशी गेली आणि सभागृहाकडे तोंड करून उभी राहिली. ओठ मिटले. मान वर गेली. मुख्य पंच तरुण होता, त्यानं दोनदा घड्याळ पाहिलं आणि हळूच म्हणाला, “शुबिना, वेळ चालू आहे.” लिसेच्या बाकांवर कुणीतरी खुसखुसलं. राद्मीर खाली मान घालून बूट बघत होता.

मग तिनं आमच्याकडे पाठ केली. मला वाटलं, रडतेय. तिनं हात शरीरालगत सरळ सोडले, फळ्याच्या वरच्या कडेकडे पाहिलं आणि वाचायला लागली. फळ्यावर तर काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी ‘वाचायला’ म्हणते, कारण दुसरा शब्द सुचत नाही. चर्चमध्ये स्तोत्रं वाचणारा लोकांकडे पाठ करून उभा राहतो आणि सगळं एका सुरात म्हणत जातो. ना चढ ना उतार, ना राग ना लोभ. फक्त ओळ संपते तिथे सूर एक पायरी खाली येतो आणि थांबतो. दर रविवारी सकाळी मी तो ऐकते. वडिलांच्या चर्चमध्ये तायानं तो लहानपणापासून लावला असणार. त्या सुरात तिची जीभ अडत नव्हती.

आधी तिनं दाखवलं की सर्वांत जास्त डाव जिंकणारा मातब्बर असतोच. ते झाल्यावर ती म्हणाली:

“जो हरला आहे असा कोणीही एक घ्या, त्याला हरवणारे सगळे एकीकडे बसवा. त्या हरवणाऱ्यांत आपापसात जो सर्वांत जास्त जिंकला, तो उभा राहू द्या. आपल्यातल्या प्रत्येकाला त्यानं स्वतः हरवलं, नाही तर हरवणाऱ्याला हरवलं. हरलेल्यालाही त्यानं हरवलं, आणि हरलेल्यानं ज्यांना हरवलं तेही त्याच्याच खाली आले. म्हणून हरलेल्या प्रत्येकाला हरवणारा एक मातब्बर आहे.”

लिसेच्या बाकांवरून एक मुलगा जाड आवाजात ‘आमेन’ म्हणाला. एल्विरानं त्याच्याकडे न बघता सांगितलं, “गप. मी ऐकतेय.”

“आता पहिला मातब्बर घ्या. अजिंक्य कोणी नाही, म्हणून तो कुणाकडून तरी हरला आहे. त्याला हरवणाऱ्यांत एक मातब्बर आहे, तो दुसरा. दुसराही कुणाकडून तरी हरला आहे. त्याला हरवणाऱ्यांत एक मातब्बर आहे, तो तिसरा. पहिला, दुसरा आणि तिसरा, असे तीन मातब्बर आहेत.”

शेवटचा सूर खाली येऊन थांबला. मला गणितातलं काही कळत नाही, पण त्या दिवशी कोण कुणाला हरवतो ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मुख्य पंचाची पेन्सिल कागदावर तशीच टेकलेली होती आणि तो मान डोलावत होता. काही जणांनी टाळ्यांसाठी हात उचलले.

“मला एक विचारायचंय,” एल्विरा म्हणाली.

तिला सुरांतलं काही कळत नाही. नंतर चहाच्या वेळी तिनंच मला सांगितलं, गाणं तिला फ्रीजच्या आवाजासारखं लागतं. म्हणून तिनं फक्त शब्द ऐकले होते.

“दुसरा आला, तिसरा आला, ठीक आहे. पण तिसरा म्हणजे फिरून पहिलाच कशावरून नाही? मग दोनच झाले की.”

आता सगळ्यांनाच ते दिसलं. पंचाची मान डोलायची थांबली. एवढं साधं भोक, आणि आम्ही सगळे त्यावरून सुरात वाहत गेलो होतो. वाहणाऱ्यांत विद्यापीठाची माणसंही होती.

ताया वळली. एल्विराकडे पाहून तिनं बोलायला तोंड उघडलं आणि शब्द अडला. उत्तर तिच्याकडे आहे हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. पुढच्या बाकावर रोदियोननं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. एल्विरा घाई करत नव्हती, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. ती नुसती उभी होती.

ताया पुन्हा फळ्याकडे वळली. पण आताची गोष्ट निराळी होती. स्तोत्रं कधीची लिहिलेली असतात, वाचणारा ती फक्त म्हणतो. सिद्धताही तिनं बंद खोलीत मनात ओळ ओळ रचली असणार. या प्रश्नाला तिच्याकडे एकही ओळ तयार नव्हती, आणि वाचता वाचता कुणी स्तोत्र रचत नाही. तिनं सूर लावला, दोन शब्द म्हटले आणि ते चुकीचे निघाले. ती थांबली. पुन्हा तोच सूर लावला.

“दोघांमध्ये डाव एकच झाला. तो पहिला हरला आणि दुसरा जिंकला. दुसऱ्याला पहिल्यानं हरवलेलं नाही. दुसऱ्याला तिसऱ्यानं हरवलं आहे. ज्यानं हरवलं आणि ज्यानं हरवलं नाही, ते दोघे एक माणूस नाहीत.”

सूर खाली आला. एल्विरानं क्षणभर छताकडे पाहिलं, मनातल्या मनात डाव मांडले आणि पंचांना सांगितलं, “माझे प्रश्न संपले.”

पंचांनी आपसात कुजबुज केली. सिद्धता पुरी झाली, पण भोक एल्विरानं दाखवलं, म्हणून थोडे गुण तिच्याकडे गेले. तेवढ्यानं आम्ही लढत हरलो. रोदियोननं बाकावर डोकं टेकलं आणि बराच वेळ वर उचललं नाही. राद्मीर त्याची पाठ थोपटत म्हणाला, “ऊठ रे, भूमितीच्या राजा.” चहाबरोबर पिरोझकी होते, कोबी भरलेले छोटे पाव, ते तायानं एकामागून एक खाल्ले, आणि राद्मीरच्या ताटातलाही एक उचलला.

सभेत उपमुख्याध्यापक इनोकेंती ल्वोविच यांनी हरकत घेतली. ते भौतिकशास्त्र शिकवतात. ते म्हणाले, मुलगी चांगली आहे, त्यांना तिच्याबद्दल माया आहे, पण हे काही बोलणं नव्हे. आज ही गाऊन दाखवेल, उद्या कुणी प्रमेय नाचून दाखवेल, आणि तेही आम्ही मानायचं काय? दोघे-तिघे हसले. रोझा मार्कोव्नांनी वेनियामिन कार्लोविचांकडे पाहिलं. त्यांनी आयुष्यात कुणाला अर्धा प्लस वाढवून दिलेला मी ऐकला नव्हता.

ते उभे राहिले.

“मी काय म्हटलं होतं ते सगळ्यांनी ऐकलं आहे,” ते म्हणाले. “फळ्यासमोर उभी राहील. राहिली. एक सिद्धता तोंडानं पुरी सांगेल. सांगितली. कुणी विचारलेल्या प्रश्नाला तोंडानं उत्तर देईल. दिलं, आणि प्रश्न आमच्यातल्या कुणाचा नव्हता. कोणत्या सुरात, हे मी म्हटलं नव्हतं. ती अट आता मागून घालायची असेल तर इनोकेंती ल्वोविचांनी घालावी. मी घालणार नाही.”

इनोकेंती ल्वोविच म्हणाले की तसं असेल तर त्यांचंही काही म्हणणं नाही. रोझा मार्कोव्नांनी पुढचा विषय घेतला, वसतिगृहाच्या गळक्या नळांचा.

दुसऱ्या दिवशी नव्या पानाची रांग लागली होती. मी एका मुलाला शोधत तिकडे गेले होते. ताया खुर्चीत बसली होती. तोंड वळवायला तिथे फळा नव्हता, म्हणून तिनं नजर खिडकीकडे लावली होती आणि हलक्या सुरात सांगत होती. वेनियामिन कार्लोविच डोळे मिटून ऐकत होते. एका ओळीला त्यांनी बोट वर केलं.

“थांब. हे चूक आहे.”

तिनं झटकन त्यांच्याकडे पाहिलं. चूक नव्हती, निदान तिला तसं वाटत नव्हतं. तिनं मान हलवली. ते म्हणाले, चूक आहे. तिनं कागद ओढून एक आकृती काढली आणि तिच्यावर बोट आपटलं. त्यांनी तीच आकृती तिरकी करून पुन्हा काढली. मग तिला राग आला, आणि रागात ती सूर विसरली. सरळ बोलायला गेली आणि पहिलाच शब्द अडला.

वेनियामिन कार्लोविचांनी पेन खाली ठेवलं. रांगेतल्या पुढच्याला त्यांनी बोलावलं नाही. हनुवटीखाली मुठी धरून ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. शब्द सुटला, पुढचा अडला, तोही सुटला. ती तांबडीलाल झाली होती आणि भांडत होती. तिचं वाक्य पुरं झाल्यावर ते म्हणाले, “का?”

जेवणाची घंटा झाली. रांगेतला राद्मीर म्हणाला की आज काही आपला नंबर लागत नाही, आणि सगळ्यांना घेऊन जेवायला गेला.